किरणोत्सव तिथीने का नाही?

कोल्हापूरच्या अंबाबाईचे नवरात्र, ललितापंचमीची त्र्यंबोली भेट, चैत्रातला रथोत्सव हे सारे तिथीने ठरते. मावळतीचे किरण गाभाऱ्यातल्या देवीपर्यंत पोहोचतात तो किरणोत्सव तेवढा इंग्रजी तारखांनी येतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. पंचांग मानणाऱ्या देवळात हा अपवाद का, ते प्रत्यक्ष पाहावे म्हणून यंदा १० नोव्हेंबरला दुपारीच कोल्हापूर गाठले.

देवी पश्चिमाभिमुख आहे. सूर्य कलला तसे गाभाऱ्यातले दिवे मालवण्यात आले आणि महाद्वारातून आलेला तांबूस पट्टा गरुड मंडप ओलांडून पितळी उंबरठ्यावर चढला. "दादा, वाईच खाली बसा की, समद्यांस्नी दिसंल," असे मागून कोणी म्हणाले. उदबत्तीच्या धुरात किरणांची धार स्पष्ट दिसत होती; ती चरणांवरून कमरेपर्यंत पोहोचली आणि विरून गेली.

सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेच्या) दक्षिणेस सुमारे १७ अंशांवर असतो तेव्हाच हा योग येतो, म्हणजे २१-२२ डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे साधारण सहा आठवड्यांनी. या काळात त्याचे मावळतीचे स्थान रोज जवळजवळ त्याच्या अर्ध्या बिंबाइतके सरकते, म्हणून उत्सव मोजक्या दिवसांचा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे असल्याने तिथी मागेपुढे होते, तिला हा हिशेब पेलणार नाही.

इंग्रजी तारखेलाही तो पूर्वी पेलला नसता. तिच्या मागचे जुने ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचे, म्हणजे सूर्याच्या वर्षाहून किंचित मोठे, त्यामुळे सुमारे १२८ वर्षांत एक दिवसाची तफावत पडे. १५८२ पर्यंत वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, २१ मार्चऐवजी ११ मार्चला येऊ लागला होता, म्हणून पोप तेराव्या ग्रेगरींनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणली. पुढे १६५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनी यांनी बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चच्या छताला छिद्र ठेवून जमिनीवर मध्यान्हरेषा (भर दुपारच्या सूर्याची दक्षिणोत्तर रेषा) आखली आणि तिच्यावर पडणाऱ्या सूर्यबिंबावरून वर्षाची लांबी तपासली. उजेडाने दिवस मोजणारे देऊळ एकट्या कोल्हापूरचे नाही. ब्रिटनने सुधारणा स्वीकारली ती १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर धरून. जुनीच गणना चालू राहिली असती तर मी पाहिलेला किरणोत्सव २८ ऑक्टोबरला आला असता.

मेघनाद साहा समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेले भारताचे राष्ट्रीय पंचांगही सायन सौर, म्हणजे संपातापासून मोजलेल्या सूर्याच्या वर्षावर बेतलेले आहे. त्यात १० नोव्हेंबर म्हणजे दरवर्षी १९ कार्तिक, हिशेब तितकाच चोख. पण ही तारीख देवळाच्या परिसरात कोणाच्या तोंडी ऐकली नाही.

घड्याळ मात्र सूर्याशी इतके इमान राखत नाही. नोव्हेंबरच्या या दिवसांत सावलीवरून वेळ दाखवणारे छायायंत्र घड्याळाच्या सरासरी वेळेच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असते आणि फेब्रुवारीच्या आरंभी जवळजवळ १४ मिनिटे मागे. आकाशातला मार्ग तोच असूनही कोल्हापुरात सूर्य नोव्हेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, तर फेब्रुवारीच्या आरंभी साडेसहाला. फेब्रुवारीत येणाऱ्यांनी किरणांची वाट अर्धा तास उशिरा पाहावी.