रुद्रमादेवीचा रकाना: यादवांच्या तक्त्यात काकतीयांची भर

मंडळी, देवगिरीच्या यादवांचे शिलालेख तक्त्यात शकवार लावून झाल्यापासून समोरची बाजू वाचायची ओढ लागली होती. आता तक्त्यात वरंगळच्या काकतीयांचा रकाना उघडलाय आणि सध्या तो एकट्या राणी रुद्रमादेवीने भरून गेलाय.

दोन्ही घराण्यांचा गुंता तिच्या आधीचा. यादव जैतुगीने तिचे वडील गणपतिदेव यांना कैदेत टाकलं आणि पुढे सोडून देऊन ११९९च्या सुमारास ओरुगल्लूच्या, म्हणजे वरंगळच्या, गादीवर बसवलं. गणपतिदेवांना मुलगा नव्हता. १२६०च्या आसपास त्यांनी मुलीला कारभारात घेतलं. कित्येक लेखांत ती ‘रुद्रदेव महाराज’ म्हणून येते, त्यामुळे तिच्या नोंदी वेगळ्या काढायला शक आणि सामंतांची नावं ताडून पाहावीच लागतात.

त्याच सुमारास देवगिरीला महादेव यादव गादीवर आला आणि त्याची रुद्रमेशी गाठ पडली. हेमाद्रीच्या ‘व्रतखंडा’तली प्रशस्ती सांगते की महादेव स्त्रीवर हात उचलत नाही हे ओळखूनच आंध्रांनी बाईला गादीवर बसवलं. तेलुगू ‘प्रतापचरित्र’ मात्र तिने महादेवाला थेट देवगिरीपर्यंत पिटाळल्याचं सांगतं. हेमाद्री महादेवाचाच अधिकारी, आणि ‘प्रतापचरित्र’ बरंच नंतरचं. माझ्या मते पारडं फिरवतो तो बीदरच्या किल्ल्यातला तुटका लेख. त्यात रुद्रमेची बिरुदं आहेत आणि तिच्या सिंद घराण्यातल्या भैरव या सामंताचं नाव आहे. बीदर म्हणजे यादवांच्या मुलखाचा उंबरठा. तिची बिरुदं तिथे दगडावर कोरली जात असतील, तर ‘दया दाखवून सोडली’ ही कथा मला पटत नाही.

सर्वात जास्त वेळ गेला तो मलकापुरमच्या लेखात, शके ११८३, म्हणजे १२६१. विश्वेश्वर शंभू या शैव गुरूला मंदडम गाव दान दिलं, त्याचा हा लेख. देऊळ आणि मठ तर आहेतच, पण विद्यार्थ्यांची सोय, आरोग्यशाला आणि प्रसूतिशालाही आहे. तेराव्या शतकात बाळंतिणींसाठी दगडावर कोरून तरतूद केलेली वाचली आणि पुढचं वाचन तिथेच थांबलं. हे मंदडम आज आंध्रातल्या अमरावती राजधानीच्या परिसरात येतं.

लिपीची प्रगती सांगायची तर शिलालेखांच्या छापील ठशांवरून जुनी तेलुगू-कन्नड लिपी आता अडखळत का होईना वाचता येते. ‘म’ आणि ‘व’ अजून छळतात. झिजलेल्या दगडावर तर शेजारच्या शब्दाचा आधार घेतल्याशिवाय ते सुटतच नाहीत.

संवत्सर मात्र पक्के जुळतात. नवीन मंडळींसाठी रीत सांगतो: शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी तो साठ संवत्सरांतला क्रमांक. चंदुपटलाच्या लेखाचा शके १२११ घ्या. १२२३ला ६०ने भागलं की बाकी २३, म्हणजे ‘विरोधी’ नावाचा संवत्सर. नलगोंडा भागातला हा लेख २७ नोव्हेंबर १२८९चा. पुव्वुल मुम्मडी नावाच्या सेवकाने, रुद्रमादेवी आणि तिचा सेनापती मल्लिकार्जुन नायक शिवलोकी गेल्यावर, त्यांच्या पुण्यार्थ दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. राणी आणि सेनापती एकाच ओळीत! दोघं एकाच लढाईत पडली असावीत असं अभ्यासक मानतात, ते याच लेखामुळे.

त्या लढाईतला संशयित म्हणजे काकतीयांचाच कायस्थ घराण्यातला सामंत अंबदेव. त्याचा १२९०चा त्रिपुरांतकमचा लेख आता हाती घेतलाय. मल्लिकार्जुनाची ‘सप्तांगं’ हिरावल्याची फुशारकी त्यात आहे. राज्याच्या सात अंगांत पहिला येतो तो स्वामी, म्हणजे राजा. अंबदेवाने राणीच्या मृत्यूचीच अशी आडून कबुली दिली, असा अर्थ त्यातून काढला जातो. तो कितपत टिकतो, ते मला मूळ ओळी स्वतः लावून बघायचंय. कुणाकडे त्रिपुरांतकमचा स्वच्छ ठसा असेल तर जरूर कळवा. त्यानंतर तक्त्यात रुद्रमेचा नातू प्रतापरुद्र, १३२३पर्यंत.