कोडं प्रेक्षकालाही सुटायला हवं

जीवघेण्या कोड्यांच्या सिनेमात रक्त किती सांडतं याला फारसं महत्त्व नाही. पात्राच्या आधी आपल्याला उत्तर सापडू शकतं का, सगळी मजा त्यात असते. दिग्दर्शक व्हिन्चेन्झो नतालीचा 'क्यूब' (१९९७) हा कॅनडाचा सिनेमा म्हणूनच कागद-पेन घेऊन बघण्यासारखा आहे.

सिनेमातली माणसं खोल्यांच्या एका प्रचंड घनात अडकलेली आहेत: २६ × २६ × २६ म्हणजे १७,५७६ खोल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. (टोरांटोत प्रत्यक्षात साधारण १४ फुटांची एकच पूर्ण खोली बांधली होती. भिंतीतले रंगीत पडदे बदलले की पुढची खोली तयार! हे काम वेळखाऊ असल्यामुळे एका रंगाचे सगळे प्रसंग एकदमच उरकायचे.) दोन खोल्यांमधल्या दारात तीन-तीन अंकी तीन संख्या कोरलेल्या असतात. काही खोल्यांत सापळे आहेत.

पहिला अंदाज असा की तिन्हींपैकी एखादी मूळ संख्या असेल तर सापळा. समजा ६४५, ३७२, ६४९. पहिली ५ने जाते, दुसरी सम. तिसरी मूळ वाटते, पण ती ११ × ५९ आहे. म्हणजे खोली सुरक्षित. तीन अंकी संख्या मूळ आहे का हे बघायला २ ते ३१ मधल्या अकरा मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरतं, कारण ३७चा वर्ग १३६९, हजाराच्या पलीकडे.

त्याच संख्यांत खोलीचा पत्ताही आहे. अंकांची बेरीज करा: १५, १२, १९. हे झाले खोलीच्या सुरुवातीच्या जागेचे तीन निर्देशक, म्हणजे लांबी, रुंदी आणि उंचीत ती कितवी आहे ते. ९९९ची बेरीज २७ येते आणि घन २६वरच संपतो, म्हणजे २७ आला की ती खोली घनाच्या बाहेरची. शिवाय खोल्या सरकतात, आणि किती सरकतात तेही त्याच संख्या सांगतात. ६४५चे अंक ओळीने वजा करा: ६−४, ४−५, ५−६, म्हणजे +२, −१, −१. बेरीज शून्य, म्हणून फेरा पूर्ण झाला की खोली आपसूक जागेवर येते. सुंदर!

मग अंदाज फसतो. एकही मूळ संख्या नसलेल्या खोलीत सापळा निघतो, कारण खरा नियम मूळ संख्यांच्या घातांचा असतो: एकाच मूळ संख्येला तिनेच गुणत जाऊन जी संख्या येते, ती दिसली तरी सापळा. इथेच लेखक घसरलेत. एवढे अवयव डोक्यात पाडणं अशक्य आहे, असं गणितात हुशार असलेली मुलगी सांगते. अहो, ५६७, ८९८, ५४५ घ्या. सम संख्यांत फक्त १२८, २५६, ५१२ धोक्याच्या, शेवटी ५ असलेल्यांत १२५ आणि ६२५. मूळ नसलेले असे तीन अंकी घात एकूण पंधराच आहेत. पाढ्यांसारखे पाठ होतील. ५६७ची अंकबेरीज १८, म्हणजे ३ने जाते. भागत गेलात की शेवटी ७ उरतो, म्हणजे ती निव्वळ ३चा घात नाही. झालं.

तरीही 'क्यूब' प्रामाणिक आहे. अंदाज अपुरा होता, नियम मात्र पहिल्यापासून तोच होता.

आता 'स्क्विड गेम' (२०२१) या कोरियन मालिकेतला काचेचा पूल घ्या. १६ खेळाडू, काचांच्या १८ जोड्या, प्रत्येक जोडीतली एकच काच वजन पेलणारी. पहिल्याने स्वतःच्या अंदाजावर पार होण्याची शक्यता २,६२,१४४ मध्ये एक. सोळाव्याला मात्र पुढच्यांनी उघड केलेल्या काचा दिसतात. कोणी कोणाला ढकललं नाही आणि वेळ पुरला तर तो ९९.९ टक्क्यांहून जास्त वेळा वाचतो. सरासरी नऊ जोड्या चुकणार, म्हणजे नऊ बळी. म्हणजे खरा खेळ पुलावर नाहीच, तो आधी क्रमांक निवडताना होऊन जातो, आणि तेव्हा खेळ कोणता हे कोणालाच माहीत नसतं.

पुढे काचेच्या धंद्यातला एक खेळाडू उजेडात काच ओळखू लागतो, तर आयोजक दिवेच घालवतात. प्रसंग थरारक आहे, पण कोडं तिथेच मेलं: त्याच्या हातातला पुरावा गेला, तसा आपल्याही.