स्लीव्ह घातलेली तार

टर्नटेबलमधून, म्हणजे तबकड्या वाजवायच्या मशीनमधून, हमिंग येतंय म्हटलं की मी आधी आर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीला, बोट लावून बघतो. त्या दिवशीही तेच केलं. काकांनी आणलेलं मशीन अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्याबरोबर दोन्ही स्पीकरमधून घरच्या विजेचा, 50 हर्ट्झचा खर्जातला 'हूं' सुरू झाला. आर्मच्या नळीवर बोट टेकवलं तसा तो बराच खाली आला, बोट उचललं की परत वर. म्हणजे आर्मची अर्थ कुठेतरी सुटली होती. तरी टर्नटेबलचा प्लग भिंतीतून काढून पाहिला. हमिंग तसंच राहिलं, म्हणजे मोटरचा दोष नाही. मग फोनो इनपुटला (टर्नटेबल जोडायच्या जागेला) सिग्नल बंद करणारे शॉर्टिंग प्लग लावले आणि सगळं शांत झालं, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरही सुटला.

तळाची फळी उघडली तर आर्मच्या बुडातून आलेली काळी अर्थची तार मध्येच कापलेली दिसली. तुकड्याच्या टोकाला स्लीव्ह, म्हणजे इन्सुलेशनची नळी, होती, तार दुमडून दोऱ्याने बांधलेली होती. मी काकांना म्हटलं, "बघा, आधीच्या माणसाने अर्थच तोडून टाकलीय. अशा लोकांच्या हातात मशीन द्यायचंच नाही." आणखीही बरंच बोललो. तार जोडली, सोल्डर केली, दुसरं टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ स्क्रूखाली कसलं. हमिंग गेलं. वीस मिनिटांत काम झालं.

तीन दिवसांनी काका परत आले. "अहो, तुम्ही दिलंत तेव्हा छान होतं. आता गुणगुणतंय, पण फक्त उजवीकडून. आणि नव्या कार्ट्रिजवर नाही, जुनी लावली की."

काकांकडे दोन हेडशेल होते, म्हणजे आर्मच्या टोकाला लागणारे, कार्ट्रिज धरणारे सुटे तुकडे. कार्ट्रिज म्हणजे सुईची हालचाल सिग्नलमध्ये बदलणारा भाग. एकात नवी कार्ट्रिज, दुसऱ्यात कित्येक वर्षं वापरलेली जुनी. पहिल्या दिवशी दारातच ते म्हणाले होते, "नवी कार्ट्रिज घेतल्यापासून आवाज येतोय." मी ते ऐकलं, पण नवी कार्ट्रिज चांगली आहे एवढं तपासून पुढे गेलो. जुनीवर मशीन इतकी वर्षं शांत कसं होतं, हे मी विचारलंच नाही.

फोनोच्या बाबतीत एवढ्याशा गोष्टीने गोंधळ का होतो ते सांगतो. मूव्हिंग मॅग्नेट या नेहमीच्या प्रकारच्या कार्ट्रिजमधून जेमतेम 4-5 मिलिव्होल्ट निघतात. फोनो इनपुटमागचं सर्किट, म्हणजे फोनो स्टेज, ते साधारण शंभर पटीने वाढवते, पण हा हिशोब 1000 हर्ट्झचा. तबकडी कापताना खर्ज दाबलेला असतो, नाहीतर खाचा फार रुंद होतील. वाजवताना तो परत उचलावा लागतो, आणि 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए कर्व्हप्रमाणे (तबकड्यांसाठी ठरलेल्या या उचल-दाबाच्या मापाप्रमाणे) 50 हर्ट्झला ही उचल आणखी सात पट असते. म्हणजे विजेच्या तारांमधून शिरलेला मायक्रोव्होल्टभर कचरा सातशे पटीने मोठा होऊन स्पीकरपर्यंत पोचतो. इतर कुठल्या इनपुटला जे ऐकूही येणार नाही, ते इथे खोली भरून टाकतं.

जुना हेडशेल लावला आणि टर्नटेबलच्या केबलच्या आरसीए पिना डावी-उजवी अदलाबदल केल्या. हमिंग डाव्या स्पीकरमध्ये गेलं. म्हणजे दोष टर्नटेबलच्या बाजूचाच. केबल हलवून पाहिली, आर्मच्या कॉलरमधल्या चार पिना साफ केल्या, दोन ठिकाणचं सोल्डर पुन्हा केलं. तासभर गेला, फरक शून्य. शेवटी हेडशेल काढून भिंगाखाली धरला. लाल आणि पांढरी तार उजव्या-डाव्या सिग्नलची, हिरवी आणि निळी त्यांच्या परतीची, सगळं जागच्या जागी. पण हिरव्या तारेच्या पिनेवर कागदासारखी पातळ, तांदळाच्या दाण्याएवढी धातूची पट्टी बसवलेली होती आणि तिचं दुसरं टोक कार्ट्रिजच्या अंगाला चिकटलं होतं. मल्टिमीटरचा एक प्रोब हिरव्या पिनेला, दुसरा हेडशेलच्या स्क्रूला लावला, आणि बीप वाजला.

मग सगळं उलगडलं. या पट्टीमुळे कार्ट्रिजची धातूची खोळ उजव्या चॅनलच्या परतीच्या तारेला जोडलेली. खोळ स्क्रूमधून हेडशेलला, हेडशेल आर्मला. म्हणजे जुनी कार्ट्रिज लावली की आर्म आपोआप अर्थ व्हायचा. त्यात वेगळी अर्थची तारही जोडली की अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारे दोन रस्ते तयार होतात आणि त्यांचा लूप, म्हणजे बंद फेरा, पडतो. त्यातच हमिंग शिरतं, तेही फक्त उजव्या चॅनलवर. आधीच्या माणसाने एक रस्ता बंद केला होता. नव्या कार्ट्रिजला ही पट्टी नाही, म्हणून ती लावली की आर्म अर्थशिवाय तरंगता राहायचा.

तार त्याने विचार करूनच कापली होती. बेफिकीर माणूस कापलेल्या टोकाला स्लीव्ह घालत नाही, दुमडून बांधत नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी त्याला नावं ठेवली. हमिंग घालवायला लोक अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिनच काढतात, ते मी नेहमी पाहतो. ती पिन जीव वाचवायला असते, तिला हात लावणारा माणूस मला मुळीच सहन होत नाही. त्याच रागात मी यालाही त्याच रांगेत बसवलं. याने मात्र सिग्नलची अर्थ सोडवली होती, विजेची जागेवर होती.

पट्टी का काढली नसेल, हे अजून डोक्यात घोळतंय. ती काढणं हाच खरा इलाज होता, मग कुठलीही कार्ट्रिज चालली असती. कदाचित पीन तुटायची भीती वाटली असेल. जुन्या कार्ट्रिजची पीन आतल्या केसासारख्या वायरसकट सुटून आली की कार्ट्रिजच गेली. मलाही चिमटा लावताना श्वास रोखावा लागला. पट्टी पाव-पाव मिलिमीटर सरकवत काढायला दहा मिनिटं लागली.

दोन्ही हेडशेल आलटून पालटून लावले, व्हॉल्यूम नेहमीपेक्षा बराच वर नेला. सुईखाली तबकडी नसताना फक्त हलकी सुस्कार ऐकू येत होती. काकांना सांगितलं, "आधीच्या माणसाबद्दल मी बोललो ते चुकीचं होतं. त्याचं काम बरोबर होतं." ते म्हणाले, "त्याने वीस वर्षं सांभाळलं हो हे मशीन."

फळी बसवण्याआधी आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: आर्मची अर्थ जोडली आहे, जुन्या कार्ट्रिजची पट्टी काढली आहे, तारीख. शेजारी छोट्या पाकिटात ती पट्टी ठेवली.