नाना आणि चार प्रश्नचिन्हं

बडोद्याला दांडिया बाजारात आमचं जुनं घर. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सासऱ्यांच्या आजोबांची मोडीतली पत्रं निघाली. नानांनी लगेच फर्मान काढलं, सगळी स्कॅन करून पुण्याच्या चुलतभावाकडे पाठवायची, त्याला मोडी लागते. स्कॅनर आला. त्याचं सॉफ्टवेअर मात्र कॉम्प्युटरवर चढेना.

पट्टी निम्म्यापर्यंत जायची, थबकायची आणि उलटी मागे यायची. मग चौकट: इन्स्टॉलेशन फेल्ड, ०एक्स८००७००७बी. बंद-चालू केलं, फाइल पुन्हा उतरवून घेतली, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं, अँटिव्हायरस दहा मिनिटं झोपवला. डिस्कवर जागा आहे ना तेही पाहिलं, भरपूर होती. शेजारचा मुलगा आला, उभ्या उभ्या स्क्रीन बघून म्हणाला, “काकी, फोर्मेट मारी दो.” रावपुऱ्यातल्या दुकानातही तेच ऐकलं, वर पैशाचा आकडा. फॉर्मेट म्हणजे वाडा झाडायचा म्हणून वाडाच पाडायचा. नानांची इतक्या वर्षांची टाइप केलेली पत्रं त्यात आहेत, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

मी बँकेतून निवृत्त झालेली, आकडा दिसला की सोडवत नाही. थोडं शोधल्यावर कळलं की ०एक्स८००७ ने सुरू होणाऱ्या कोडमधले शेवटचे चार आकडे म्हणजे विंडोजचा साधा एरर नंबर असतो, फक्त सोळाच्या पाढ्यात लिहिलेला. शेवटी ०००५ असेल तर परवानगी नाही, ००७० असेल तर डिस्क भरली. माझा ००७बी. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर टाकला: सात सोळे एकशे बारा, बी म्हणजे अकरा, एकूण १२३. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत नेट हेल्पएमएसजी १२३ दिलं (कमांड रोमनमधेच टाइप करायची, अर्थात). उत्तर आलं: फाइलचं किंवा फोल्डरचं नाव लिहिण्यात चूक आहे.

कुठलं नाव? मी तर काहीच लिहिलं नव्हतं!

चौकटीत ‘डिटेल्स’चं बटण होतं, इतके दिवस ते मी दाबलंच नव्हतं. दाबलं, तर फोल्डरचा पत्ता दिसला: सी ड्राइव्ह, यूझर्स, मग ????, मग ॲपडेटा (प्रोग्राम आपापलं सामान ठेवतात तो कप्पा), लोकल, टेम्प (तात्पुरत्या फाइलींचा). त्या प्रश्नचिन्हांच्या जागी ‘नाना’ हवं होतं. कॉम्प्युटर आणला त्या दिवशी त्याने नाव विचारलं, तेव्हा नाना म्हणाले होते, आपलं नाव आपल्या लिपीत. मी हौसेने देवनागरीत टाइप केलं, आणि त्याच नावाचं फोल्डर तयार झालं.

पण दोन अक्षरांची चार चिन्हं कशी? यावर मी चहा थंड केला. मग लक्षात आलं: न, काना, न, काना. आपली दोन अक्षरं कॉम्प्युटरला चार.

कारण असं आहे. जुन्या धाटणीचे प्रोग्राम युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच मोठा तक्ता, वापरत नाहीत, ते २५६ चिन्हांच्या एका तक्त्यावर चालतात. ग्रीक, अरबी, हिब्रू, थाई यांना विंडोजमधे असा आपापला तक्ता आहे, देवनागरीला कधीच नव्हता, ती थेट युनिकोडमधेच आली. म्हणून असला प्रोग्राम आपलं अक्षर दिसलं की तिथे प्रश्नचिन्ह ठेवतो. आणि फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात जी नऊ चिन्हं चालत नाहीत, त्यांत प्रश्नचिन्ह आहे. स्कॅनरचा इन्स्टॉलर बिचारा नसलेलं घर शोधत फिरत होता.

आधी कंट्रोल पॅनेलमधून खात्याचं नाव बदललं. दारावरची पाटी बदलली, फोल्डर तसंच. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, शिरून फोल्डरचंही नाव बदलता येतं म्हणतात, पण एक ओळ चुकली तर खातंच उघडत नाही. त्या वाटेला गेले नाही.

मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समधे टेम्प आणि टीएमपी या दोन ओळी (तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या ते प्रोग्रामना सांगणाऱ्या) बदलून सी ड्राइव्हवरच रोमन नावाच्या एका नव्या फोल्डरकडे वळवल्या, साइन आउट करून परत आले. पट्टी शेवटपर्यंत गेली. नाना खूश, अकरा पत्रं स्कॅन झाली. चौथ्या दिवशी अपडेट आलं आणि परत तीच चौकट. अपडेट करणारा तुकडा टेम्पमधे न जाता ॲपडेटामधल्या स्वतःच्या फोल्डरमधे फाइल उतरवत होता, आणि ते नानांच्याच पोटात.

रीजनच्या सेटिंगमधे, ॲडमिनिस्ट्रेटिव्हच्या पानावर, सिस्टिम लोकेल बदलताना ‘बीटा’ असं लिहिलेला यूटीएफ-८ चा एक चौकोन आहे, जुन्या प्रोग्रामनाही २५६ च्या तक्त्याऐवजी युनिकोड देणारा. त्यावर टिक केली, रीस्टार्ट केलं, अपडेट झालं. मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेले तोच बाहेरून हाक, “अगं, माझ्या अक्षरांचं काय केलंस?” नानांचा जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम युनिकोडच्या आधीचा, तो त्याच २५६ च्या तक्त्यावर जगणारा. त्यातल्या पत्रांचा पार चिवडा झाला होता. टिक काढली, पत्रं जागेवर आली.

शेवटी जे करायला हवं होतं ते केलं. आधी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्समधून नवं लोकल खातं उघडलं, नाव रोमनमधे, एन-ए-एन-ए. फोल्डरचं नाव ठरतं ते फक्त या घडीला. (ई-मेलने साइन-इन केलं तर पत्त्याची पहिली पाच अक्षरं फोल्डरला लागतात, ते मला नको होतं.) खात्याला ॲडमिनिस्ट्रेटर केलं, एकदा त्यातून लॉगिन केलं, आणि मग कंट्रोल पॅनेलमधून दिसायचं नाव देवनागरीत केलं. पाटी मराठी, पाया रोमन. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप उचलून नव्या घरात ठेवले, ॲपडेटाला हात लावला नाही. स्कॅनरचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. तेव्हापासून दोन अपडेट निमूटपणे होऊन गेली.

जुनं खातं नाना काढू देत नाहीत, काही राहिलं असलं तर? पण लॉगिनच्या पडद्यावर दोन नाना दिसायला लागले आणि ते रोज चुकीच्या नानांत शिरायचे. म्हणून मी जुन्याचं नाव ‘जुने नाना’ केलंय. ते त्यांना अजिबात आवडलेलं नाही.