हाकेच्या अंतरावर

त्या उन्हाळ्यात आमची लांबची सहल ठरता ठरता राहून गेली. माझी रजा मंजूर झाली तेव्हा पत्नीच्या कार्यालयात नेमके महत्त्वाचे काम निघाले, दोघांचे जमले तेव्हा मुलीच्या पोहण्याच्या शिबिराच्या तारखा आडव्या आल्या, आणि तिघांना सोयीचे असे सलग दहा दिवस काही केल्या सापडेनात. सापडत होते ते इकडेतिकडे विखुरलेले शनिवार आणि रविवार. शेवटी थोड्या नाइलाजाने आणि थोड्या रुसव्यानेच आम्ही असे ठरवले, की यंदा दूर कुठे जायचेच नाही. घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावरची ठिकाणे निवडायची आणि दोन-दोन दिवसांच्या चार सहली करायच्या. मुलीने हा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि ती म्हणाली, "म्हणजे सुट्टीची नोट मोडून चिल्लर करायची."

तिचा तो शब्द मला लागला, कारण माझ्याही मनात तेच होते. जवळच्या प्रवासाला आपण प्रवास म्हणतच नाही. कुणी विचारले, "काय, कुठे गेला होतात?" तर जवळच्या गावाचे नाव सांगताना आपला आवाज आपोआप उतरतो, आणि "असेच, जरा जाऊन आलो" अशी पुस्ती आपणच जोडतो. अंतर जितके जास्त तितकी सुट्टी मोठी, असे एक गणित मनात पक्के बसलेले असते. वास्तविक ज्या थॉमस कुकच्या नावाने पुढे जगभरच्या सहली निघाल्या, त्याने 5 जुलै 1841 रोजी काढलेली पहिली सहल लेस्टरहून लफबरोपर्यंतची, म्हणजे जेमतेम 18 किलोमीटरांची होती. सुमारे 500 माणसे आगगाडीत बसून दारूविरोधी प्रचाराच्या सभेला गेली आणि त्याच दिवशी घरी परतली. त्यांच्यापैकी कुणी "एवढ्याशा अंतराला काय सहल म्हणायचे" असे म्हणाले असेल, असे मला तरी वाटत नाही.

पहिल्या सहलीच्या आधीच्या शुक्रवारी मात्र एक गोष्ट ध्यानात आली. कार्यालयात दुपारपासूनच मी जागेवर नव्हतो. म्हणजे देहाने होतो, पण मनाने तळ्याकाठी पोहोचलो होतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात 1530 प्रौढांच्या सुखाची मोजदाद केली होती, आणि तिच्यात असे दिसले, की सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी होते ते निघण्यापूर्वी. परतल्यावर, ज्यांची सुट्टी अतिशय निवांत गेली ते वगळता, दोघांत काही फरक उरला नव्हता. हे खरे असेल तर आमच्या चिल्लरीचा हिशेब अगदीच वाईट नव्हता. दहा दिवसांच्या सहलीला निघण्याची आदली संध्याकाळ एकच मिळते. आम्हाला अशा चार मिळाल्या. अर्थात पिशवी भरण्याचे कंटाळवाणे कामही चार वेळा वाट्याला आले, पण दुसऱ्या सहलीनंतर आम्ही ती पिशवी माळ्यावर टाकणेच सोडून दिले. दात घासण्याचे ब्रश, टोप्या, औषधांची डबी आणि मोबाइलचा एक जादा चार्जर हे तिच्यात कायमचे राहायला गेले, आणि दाराशेजारी ती एखाद्या तयार होऊन बसलेल्या पाहुण्यासारखी उन्हाळाभर बसून राहिली.

दुसऱ्या सहलीत घर जवळ असण्याचा तोटाही कळला. नदीकाठच्या त्या छोट्याशा गावात पोहोचून आम्ही नुकतेच पाण्यात पाय सोडून बसलो होतो, तेवढ्यात पत्नीने विचारले, "गॅस बंद केलास ना?" हा प्रश्न हजार किलोमीटरांवर विचारला गेला असता, तर शेजाऱ्यांना फोन करून किंवा देवावर भार टाकून आम्ही तो सोडून दिला असता. पण घर सव्वा तासावर होते, आणि जे करता येण्यासारखे असते ते न करता स्वस्थ बसणे माणसाला फार जड जाते. मी उठलो, उन्हातून गाडी हाकत घरी गेलो, गॅस बंद असल्याचे पाहिले, आलोच आहे तर म्हणून कुंड्यांना पाणी घातले, आणि सूर्य मावळता मावळता नदीवर परत आलो. त्या दिवशी माझा सगळ्यांत लांबचा प्रवास झाला तो माझ्याच स्वयंपाकघरापर्यंतचा. मुलीने तो प्रसंग पुढे ओळखीच्या प्रत्येकाला सांगितला, आणि दर वेळी त्यात एखादी कुंडी वाढत गेली.

दुसरा तोटा झोपेचा. नव्या जागी पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे. 2016 साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी त्याचे एक मनोरंजक कारण दाखवून दिले. अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. बारीकसारीक आवाजाची चाहूल घेत तो जणू पहारा करत राहतो. दुसऱ्या मुक्कामाला पहारेकरीही झोपतो. परंतु एका रात्रीच्या सहलीत दुसरी रात्र येतच नाही, आणि म्हणून आमच्या चारही रात्री पहिल्याच ठरल्या. तिसऱ्या सहलीपासून मी घरची उशी बरोबर घेऊ लागलो. तिचा माझ्या डाव्या मेंदूवर कितपत परिणाम झाला हे सांगता येणार नाही, पण मानेवर निश्चित झाला.

एवढे असूनही त्या सहली मला आवडू का लागल्या, याचा मी बराच विचार केला. आम्ही दूर जातो तेव्हा "पुन्हा कुठे इकडे येणे होणार" हे वाक्य आमच्याबरोबर चौथ्या प्रवाशासारखे येते. तोच पहाटे उठवतो, तोच पाय दुखत असताना आणखी एक संग्रहालय बघायला लावतो, तोच पावसात भिजत नेऊन एखाद्या प्रसिद्ध कड्यासमोर धुके बघत उभे करतो. पैसे भरलेले असतात, रजा खर्ची पडलेली असते, त्यामुळे काहीही सुटता कामा नये अशी एक वसुलीची वृत्ती अंगात शिरते. जवळच्या ठिकाणी हा प्रवासी येत नाही. पहिल्या सहलीत तळ्याच्या कडेने जाणारी एक पायवाट आम्ही धरली होती. अर्ध्या वाटेवर, वाळूत रुतलेल्या एका मोडक्या होडीपाशी, उथळ पाण्यात एक बगळा उभा दिसला. तो हलेना, म्हणून आम्हीही थांबलो. तो मासा पकडेल आणि मग आपण पुढे जाऊ, असे म्हणता म्हणता तासभर गेला; त्या वेळात त्याने एक पाय उचलून तिथेच परत ठेवला, एवढीच काय ती घडामोड झाली. ऊन चढले, मुलीला भूक लागली, आणि होडीच्या पुढे वळणाआड जाणारी ती वाट कुठे जाते हे न बघताच आम्ही मागे फिरलो. "राहू दे, परत येऊ," असे मी म्हणालो आणि माझे मलाच नवल वाटले, कारण प्रवासात हे वाक्य मी यापूर्वीही अनेकदा बोललो होतो, पण खरे मानून बोललो ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

तिसऱ्या सहलीतली टेकडी आसपासच्या सपाटीपासून साधारण 100 मीटर उंच होती. एवढ्या उंचीवरून, हवा स्वच्छ असेल तर, क्षितिज सुमारे 36 किलोमीटरांवर दिसते. समुद्राच्या काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला ते पाच किलोमीटरांवरसुद्धा नसते. माथ्यावर पोहोचल्यावर सगळ्यांनी आपापल्या दिशा पकडल्या आणि थोड्याच वेळात मुलीने आमच्या भागातली पाण्याची टाकी शोधून काढली. रोज जिच्याखालून जाताना मान वर करून बघावेसे कधी वाटले नाही, ती टाकी तिथून डाळीच्या दाण्याएवढी दिसत होती, आणि तिच्या आसपास कुठेतरी आमचे घर, बंद गॅससकट, असणार होते. आम्ही सुट्टीवर येऊन अर्धा तास आपलेच घर हुडकत उभे होतो. लांबच्या सहलीत असे काही बघायला मिळत नाही.

माझ्या एका मित्राला मात्र हे सगळे पटत नव्हते. त्याचे म्हणणे असे, की माणूस खरा सैल होतो तो आठवडाभरानंतर. दोन दिवसांत चपलांतली वाळूसुद्धा निघत नाही. त्याच्या बाजूनेही एक डच अभ्यास आहे. लांब सुट्टीवर गेलेल्या 54 नोकरदारांची विचारपूस केली तेव्हा त्यांचे स्वास्थ्य आठव्या दिवशी सर्वोच्च बिंदूला पोहोचलेले आढळले. कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच ते सारे ओसरले, हा त्याच अभ्यासातला पुढचा भाग मित्राने सांगितला नाही आणि मीही उकरून काढला नाही. घरी येऊन मात्र मी हिशेब केला. चार सहलींचे दोन-दोन दिवस मिळवले, तर आमचाही एक आठवा दिवस होता, आणि तो चौथ्या सहलीच्या रविवारी पडत होता.

चौथ्या सहलीसाठी आम्ही एक नवे ठिकाण निवडून ठेवले होते, पण आयत्या वेळी तिघांचेही मत तळ्याकडे वळले. रविवारी सकाळी आम्ही तीच पायवाट धरली. मोडकी होडी जागेवर होती, बगळा नव्हता. वळण ओलांडून आम्ही पुढे गेलो. वाट काही अंतर झाडीतून गेली, एका कोरड्या ओढ्यात उतरून पुन्हा वर चढली, आणि तासाभराने, तळ्याला पूर्ण वळसा घालून, एका कुंपणापाशी येऊन संपली. कुंपणापलीकडे दोरीवर काही कपडे वाळत होते. कुठल्या वस्तीला येऊन लागलो, याचा अंदाज मी घेत होतो, तेवढ्यात मुलगी हसू लागली. दोरीवरचा निळा टॉवेल आमचाच होता.