हातोडा, दोर आणि तळहातावरची माती

एसपीटी म्हणजे जमिनीतली माती किती घट्ट आहे ते ठोक्यांनी मोजणारी चाचणी. तिचा आकडा मी आजवर अहवालातच वाचत आलो होतो. प्रशिक्षणात बोअर घेणाऱ्या रिगशेजारी उभा राहिलो, तेव्हा तो आकडा किती हातांतून येतो ते दिसलं. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो आणि सॅम्पलर, म्हणजे मातीचा नमुना घेणारी नळी, जमिनीत ठोकतो. पहिले १५ सेंटिमीटर सोडून द्यायचे, पुढच्या ३० ला लागलेले ठोके म्हणजे एन. कागदावर एवढंच! पण कॅटहेडवर, म्हणजे हातोडा उचलणाऱ्या फिरत्या रिळावर, दोराचा एक वेढा जास्त झाला की हातोडा अडखळत उतरतो, ऊर्जा कमी पोचते आणि माती आहे त्यापेक्षा घट्ट भासते. बोअरमधलं पाणी भूजलपातळीच्या खाली गेलं तर उलटं होतं: तळाची वाळू उसळून सैल होते, एन घसरतो.

मला सगळ्यात आवडली ती बिनयंत्राची चाचणी. ओल्या मातीचा गोळा तळहातावर घेऊन हलवायचा. वर पाणी चमकलं आणि दाबताच नाहीसं झालं, तर सिल्ट, म्हणजे बारीक गाळमाती. चिकणमाती ढिम्म राहते. प्रशिक्षकांनी हे घाईत उरकलं, वेळ घालवला नोंदवहीच्या रकान्यांवर. तरी सॅम्पलर उघडल्या उघडल्या वर्णन लिहायचा त्यांचा हट्ट रास्तच. माती वाळली की रंग बदलतो, ओलावा तर गेलेलाच असतो.