तुम्ही विचारलंत म्हणून: ही शिकवण खरी कशावरून ओळखायची?

मी मिरजेत नर्सिंगमध्ये आयुष्य काढलं, त्यामुळे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आणि सांगलीपर्यंतच्या ओळखीत सगळे मला अजून 'सिस्टर'च म्हणतात. निवृत्तीनंतर मी बायकांचा बायबल अभ्यासवर्ग घेते. म्हणून असेल, कुठेही भेटलं की कोणीतरी मोबाईल पुढे करतं. "सिस्टर, हे जरा ऐका. खरं का हो हे?" मोबाईलवर कुठल्यातरी प्रचारकाचा संदेश असतो. या महिन्यात तुमचं कर्ज फिटणार, दार उघडणार, शत्रू लाजणार. खाली क्यूआर कोड.

विचारणारी माणसं भोळी नसतात. त्यांना काहीतरी खटकलेलं असतं, म्हणून तर विचारतात. पण देवाच्या नावाने बोलणाऱ्यावर शंका घेतली तर पाप लागेल, ही भीती मनात घर करून असते. ती भीती घालणारं वचनही तयार असतं: "माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे मी निवडून नेमलेल्यांना, हात लावू नका." कोणी हिशोब विचारला, कोणी चूक दाखवली, की हे वचन पुढे येतं आणि समोरचा गप्प बसतो.

ते वचन स्तोत्र १०५ मधलं आहे. आधीच्या तीन ओळी वाचा. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची गोष्ट चालली आहे. ते संख्येने थोडे होते, परके होते, या राष्ट्रातून त्या राष्ट्रात भटकत होते, आणि देवाने त्यांच्यासाठी राजांना दटावलं. म्हणजे हात लावू नका हे सांगितलंय राजांना, आणि राखलंय भटक्या उपऱ्यांना. आज तेच वचन स्टेजवरचा माणूस खाली चटईवर बसलेल्या माणसाला सुनावतो. दाविदाने शौल राजाला देवाचा अभिषिक्त म्हणून मारलं नाही हे खरंच आहे, पण त्याच अध्यायात, पहिल्या शमुवेलाच्या चोविसाव्यात, गुहेबाहेर उभं राहून त्याने शौलाला त्याचा अन्याय मोठ्याने ऐकवला होता.

तेव्हा पहिली गोष्ट ही की तपासणं हे पाप नाही, ती आज्ञा आहे. योहान आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, ते देवापासून आहेत की नाहीत याची परीक्षा करा. पौल थेस्सलनीकाकरांना एका दमात दोन्ही सांगतो: संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सगळ्याची पारख करून चांगलं ते धरून राहा. ज्याला फक्त पहिलं वाक्य आठवतं तो कशालाही भुलतो. ज्याला फक्त दुसरं आठवतं तो प्रत्येक प्रचारकाला लुटारू ठरवून मोकळा होतो, आणि मग घरीच बसतो. असे लोकही मी पाहिलेत, आणि त्यांचीही मला काळजी वाटते.

आता मुख्य उत्तर. चुकीची शिकवण सहसा बायबलच्या बाहेरून येत नाही. ती बायबलमधूनच येते, वचन खरं असतं, फक्त त्याचं मागचं-पुढचं कापलेलं असतं. म्हणून कुठलंही वचन ऐकलं की मी बायकांना एकच काम लावते: अध्यायाच्या सुरुवातीपासून मोठ्याने वाचा.

यिर्मया २९ चा अकरावा श्लोक तुमच्या घरात असणारच. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, फ्रेममध्ये. तुमच्याविषयी माझ्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वर्गात एकीने विचारलं, "हे वचन धरून मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना करा असं त्या प्रचारकांनी सांगितलंय. सहा महिन्यांत होणार म्हणाले." मी म्हटलं, पहिल्या ओळीपासून वाच. तिचं बायबल प्लास्टिकच्या कव्हरात, कडेला हळदीचे डाग, कारण ती स्वयंपाकघरात वाचते. बोट ठेवून वाचू लागली. यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पाठवलेलं हे पत्र आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आठव्या श्लोकाला तिचं बोट थांबलं. तुमच्यातले संदेष्टे आणि दैवज्ञ तुम्हाला फसवू नयेत, मी त्यांना पाठवलेलं नाही. मग दहावा: बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुमचा समाचार घेईन. आणि त्यानंतर अकरावा.

"सत्तर?" ती म्हणाली. "म्हणजे ज्यांना पत्र आलं त्यातले पुष्कळ तिथेच वारले असतील."

हो, तिथेच वारले. वचन तरीही खरं ठरलं, लोक परत आले. पण सहा महिन्यांत नोकरी असा त्याचा अर्थ त्या पत्रात कुठेच नाही. उलट लवकर सुटका सांगणाऱ्यांपासून सावध राहा हे सांगण्यासाठीच ते लिहिलेलं आहे. मुलाच्या नोकरीसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून प्रार्थना केलीच, मुदत न घालता.

त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय तर मी परत परत वाचायला सांगते. गिबोनचा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर, परमेश्वराच्या नावाने सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाचं जू मोडेल, मंदिराची पात्रं परत येतील. भाषा अगदी यिर्मयासारखीच: 'सेनाधीश परमेश्वर असे म्हणतो'. नुसती भाषा ऐकून दोघांत फरक करता आला नसता. यिर्मया काय करतो? पहिल्यांदा म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही ते खरं व्हायला हवं होतं. मग शांतपणे सांगतो की आपल्या आधीच्या संदेष्ट्यांनी युद्ध, अरिष्ट, मरी यांविषयी सांगितलं होतं, आणि शांतीचं सांगणाऱ्याचं म्हणणं खरं झालं म्हणजेच त्याला देवाने पाठवलं हे कळेल. यिर्मयाने बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर लाकडी जू घातलेलं असतं, ते हनन्या चिडून काढून मोडतो. आणि यिर्मया तिथून निघून जातो. लगेच उत्तर देत नाही. देवाचं वचन त्याला नंतर मिळतं, मग तो परत येऊन हनन्याला सांगतो, तुला परमेश्वराने पाठवलेलं नाही.

एवढा मोठा संदेष्टा, पण त्यालाही तिथल्या तिथे निकाल द्यायची घाई नव्हती. तुम्हाला मात्र सभेतच 'आत्ताच्या आत्ता हात वर करा, आत्ताच पैसे पाठवा' असं कोणी म्हणत असेल तर उठून घरी या. देवाचं असेल ते उद्याही देवाचंच राहील.

दुसरी गोष्ट माझ्या पेशातली आहे, म्हणून जरा जास्त बोलते. 'औषध घेणं म्हणजे अविश्वास' ही शिकवण मिरजेसारख्या गावात टिकू नये, पण टिकते. एका बाईंना मुलीने रात्री आणलं. साखर चारशेच्या वर, पायाची जखम काळी पडलेली, श्वास जोरजोरात चाललेला. एका सभेनंतर त्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं. उशीखाली ठेवायला म्हणून तेलाची छोटी बाटली मुलीच्या पर्समध्ये होती. बाई वाचल्या, पायाची दोन बोटं गेली. मुलीने मला जिन्यात गाठून विचारलं, "सिस्टर, आईचा विश्वास कमी पडला का?" ज्याने औषध बंद करायला सांगितलं तो पुढच्या गावी गेला होता. दोष मात्र तो आजारी बाईच्या पदरात टाकून गेला.

मी तिला नव्या करारातली नावं सांगितली. त्रफिमाला पौलाने मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवलं. तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं. एपफ्रदीत मरता मरता वाचला. पौलाच्या स्वतःच्या देहातला काटा तीनदा मागूनही निघाला नाही, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. यातल्या एकालाही पौलाने अविश्वासू म्हटलेलं नाही. आणि त्याच्या सोबत राहिलेला लूक वैद्य होता. तेलाचंच म्हणाल तर याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना आजाऱ्याकडे बोलवायला सांगितलंय, त्यांनी घरी यायचं, तेल लावायचं, प्रार्थना करायची. बाटली विकत घ्यायला कुठे सांगितलंय?

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं ते मिशनरी म्हणून, देवाच्या नावाने. सांगली-मिरज रस्त्यावरची वॉनलेसवाडी त्यांच्याच नावाची. आमच्या पिढीने वॉर्डात प्रार्थना आणि इंजेक्शन एकाच हातांनी दिलं. देव चमत्कार करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, डॉक्टरांनी आशा सोडलेले रुग्ण चालत घरी गेलेले मी पाहिलेत. म्हणूनच सांगते, बरं झालं असेल तर ते तपासणीत दिसू द्या. येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर याजकाकडे जाऊन दाखव म्हणूनच पाठवलं होतं.

पैशाबद्दल थोडक्यात. विधवेने दान टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांवर, दान मागणारे संदेश खूप येतात. मार्काच्या बाराव्या अध्यायात त्या विधवेच्या अगदी आधीचं वाक्य शास्त्र्यांबद्दल, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांबद्दल, आहे: ते विधवांची घरं गिळतात आणि ढोंगाने लांबलचक प्रार्थना करतात. दोन्ही एकत्र वाचा आणि मग ठरवा, मागणारा कुणाच्या बाजूला उभा आहे. पहिल्या शतकांतल्या मंडळ्यांनाही हाच त्रास होता. 'दिदाखे' नावाचं फार जुनं पुस्तक आहे, त्याची प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला सापडली. त्यात फिरत्या प्रचारकांविषयी साधे नियम आहेत. एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात येऊन 'मला पैसे द्या' म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजवंतांसाठी मागितलं तर त्याचा न्याय करू नका. शेवटचा नियम मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात रागाच्या भरात सगळ्यांनाच झोडपलेलं नाही.

काही जण मोठा आवाज, टाळ्या, रडणं, अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं) यांवरूनच खोटं ठरवतात. ते मला पटत नाही. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करत होत्या. त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. ना. वा. टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणि कीर्तनात आणला, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही बसवलं. रूप नवं म्हणून शिकवण खोटी ठरत नाही, जुनं म्हणून खरीही ठरत नाही. योहानाने विचारायला लावलेला प्रश्न वेगळाच आहे: हा येशूला कोण म्हणतो? देहात आलेला, वधस्तंभावर मेलेला, उठलेला प्रभू, की माझी कामं करून देणारं एक नाव? जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा तेरावा अध्याय तर सांगतो की चिन्ह खरं झालं तरी तो दुसऱ्या देवामागे नेत असेल तर ऐकू नका. खरं झालेलं भाकीत दाखवून लोक विचारतात, तेव्हा मी त्यांना हा अध्याय उघडून देते.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: मग आपल्या पाळकांनाही, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनाही, तपासायचं का? हो. बिरुयाच्या लोकांनी साक्षात पौलाचं म्हणणं रोज शास्त्रात शोधून पाहिलं आणि त्यासाठी त्यांचं कौतुकच झालं. पौलाने अंत्युखियात केफाला, म्हणजे पेत्राला, तोंडावर विरोध केला, आणि 'आम्ही स्वतः किंवा स्वर्गातला दूत जरी वेगळी सुवार्ता सांगू लागला तरी' असं गलतीकरांना लिहिताना स्वतःलाही वगळलं नाही. पाळकसाहेबांना विचारताना मात्र चारचौघांत नको. उपदेशातलं वचन लिहून घ्या, घरी आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचा, पुढच्या आठवड्यात घरी जाऊन चहा घेता घेता विचारा. एकट्याने नको वाटलं तर मंडळीतल्या एखाद्या वडिलांना बरोबर घ्या.

आणि मोबाईलवरचा प्रचारक गाठता येत नसेल, तर त्यालाही तोच न्याय लावा जो वचनाला लावतो. मागचं-पुढचं ऐकल्याशिवाय त्याला खोटा म्हणू नका. तीस सेकंदांच्या तुकड्यात चांगल्या माणसाचं वाक्यही वेडंवाकडं दिसू शकतं. म्हणून मला क्लिप पाठवताना पूर्ण संदेशाची लिंक पाठवत जा. ऐकायला वेळ लागतो, त्यामुळे उत्तर त्याच दिवशी येणार नाही.